लाडावलेले नमुने

अणुवीज केंद्राला पस्तीस वर्षं झाली आणि केबलताईंना तिथे नोकरीला लागून चौतीस. त्यामुळे केंद्राबद्दल कुणी वाकडा शब्द काढला, की तो आपल्या माहेराबद्दल काढल्यासारखा ताईंना झोंबायचा. त्यांचं खरं नाव मस्टरवर असेल कुठेतरी. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना केबलताईच म्हणत. आता तुम्ही म्हणाल, केबल म्हणजे तरी काय हो? आत तांब्याची तार, वर रबरासारखी कातडी. झालं. पण अशी केबल त्या केंद्रात हजार किलोमीटरच्या वर पसरलेली आहे, आणि तिच्यावाचून पंप फिरत नाही, दिवा लागत नाही, झडप हलत नाही. पंपाचं कौतुक सगळे करतात. केबलकडे बघायला कुणाला वेळ असतो? ताईंना होता.

उंची जेमतेम पाच फूट. धडधाकट पुरुष ज्या फटीत अडकून बसायचे, तिथून ताई सुळकन पलीकडे. केबल बोटांत धरून किंचित वाकवायच्या, नाकाशी न्यायच्या आणि सांगायच्या, "हिला काही धाड भरलेली नाही," नाहीतर "हिचं आटोपलं, बदला." तरुण इंजिनियर तोंड फिरवून हसायचे, पण यंत्र लावायच्या आधी हळूच येऊन ताईंचं मत विचारून जायचे. ताईही काही कमी नव्हत्या. "विचारलंस तर चहा लागेल," म्हणायच्या आणि तो वसूल करायच्या.

तर या वर्षी केंद्रात नुसती धांदल उडाली होती. केंद्राला चाळीस वर्षांची परवानगी होती, त्यातली पाच उरली. पुढे आणखी वीस वर्षं चालवायचं, तर आधी सगळं म्हातारपण तपासून दाखवायचं: लोखंडाचं, काँक्रीटचं, जोडांचं आणि आमच्या ताईंच्या केबलींचं. त्यासाठी आठ जणांचं पथक येणार होतं. आठ जण आठ देशांचे, जन्मभर हेच काम केलेले. त्यांच्या अहवालावर वीस वर्षं मिळणार की पाच वर्षांनी दिवा मालवायचा, हे ठरायचं होतं.

ताईंना स्वतःला निवृत्तीला दोनच वर्षं होती. वीस वर्षं त्यांना हवी होती ती लेकीसाठी. लेक त्याच केंद्रात कंट्रोल रूममध्ये होती. सहा परीक्षा देऊन, केस गळेपर्यंत अभ्यास करून दोन वर्षांपूर्वी तिला बोर्डावर बसायचा परवाना मिळाला होता. अणुभट्टी चालवणारी बाई! ताई हे ओळखीच्यांना सांगत, अनोळखींना सांगत, दाताच्या डॉक्टरांना तोंडात कापूस असतानाही सांगून झालं होतं. केंद्र बंद पडलं तर त्या पोरीने काय करायचं? तो परवाना फक्त याच भट्टीचा होता, दुसरीकडे कुठे चालणारा नव्हता.

आणि केबलींच्या बाबतीत केंद्राची बाजू एकदम भक्कम होती. भट्टी बांधली तेव्हाच कुणा शहाण्या माणसाने भट्टीवरच्या घुमटाच्या आत केबलीचे साठ तुकडे टांगून ठेवले होते. हे नमुने. खऱ्या केबलींसारखेच तेही उष्णता आणि किरणं खात राहणार, त्यांच्याच चालीने म्हातारे होणार. दर काही वर्षांनी त्यातले दोन काढायचे, कातडी सोलायची आणि यंत्रात धरून तुटेपर्यंत ताणायची. एक सेंटीमीटरचा तुकडा दीड सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे निदान पन्नास टक्के, ताणला गेला की पास. त्याआधी तुटला तर ती केबल नापास. यंदाचे नमुने किती ताणले गेले ठाऊक आहे? एकशे नव्वद टक्के! पस्तीस वर्षांनंतर! साहेब आकडा बघून खुर्चीतून उठलेच.

"ताई, सोमवारी पथकासमोर तुम्हीच बोलायचं," ते म्हणाले. "तुमचे नमुने म्हणजे आपला हुकमाचा एक्का."

ताई आठवडाभर जमिनीवर चालत नव्हत्या.

आदल्या दिवशीचा, रविवारचा सकाळचा प्रसंग. ताई टेबलावर कागद पसरून भाषणाची तालीम करत होत्या. लेक समोर बसून मुद्दाम तिरके प्रश्न विचारत होती. ताईंचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून घरीदारी सगळे त्यांना मास्तर म्हणत, ताईसुद्धा. तर मास्तर स्वयंपाकघरात बटाटे उकडत होते. कुकरची शिटी काही होईना. कडेने नुसती वाफ फसफसत होती.

"रिंग गेली बघ याची!" मास्तर आतून ओरडले आणि दोन रिंगा हातात घेऊन बाहेर आले. "दोन्ही एकाच दिवशी आणल्या होत्या गं. चार वर्षं झाली. ही ड्रॉवरमध्ये पडून होती, बघ अजून कशी मऊ आहे. आणि ही..." त्यांनी कुकरमधली रिंग जरा वाकवली आणि तिचे कट्कन दोन तुकडे झाले.

"बाबा, हे आईच्या भाषणात घाला," लेक हसली. "एक रिंग पास, एक नापास."

ताई हसल्या नाहीत. नुसत्या त्या दोन रिंगांकडे बघत राहिल्या. एकाच दिवशी आणलेल्या, एकाच वयाच्या. एकीने रोज वाफ खाल्ली. दुसरीने खाल्लीच नाही.

"काय गं आई?"

"मी जरा आत जाऊन येते," ताई म्हणाल्या. आत म्हणजे घुमटात. मास्तरांना वाटलं बाथरूमला. ताई पायात चपला सरकवून बाहेरसुद्धा पडल्या होत्या.

झालं होतं असं. चौदा वर्षांपूर्वी भट्टी दुरुस्तीसाठी बंद असताना परांची बांधणाऱ्यांनी नमुन्यांच्या जुडग्यावर फळ्या टाकल्या. दोन नमुने चेपले. ताईंचा असा काही पारा चढला, की त्या परांचीवाल्यांनी पुढे दोन दिवस त्यांच्या वाटेने जाणंच सोडलं. मग ताईंनी अख्खं जुडगं जुन्या हुकावरून काढलं आणि तीन मीटरवर, खांबाच्या मागे, कुणाच्या पायात येणार नाही अशा जागी नीट टांगलं. धूळ पुसली, चिठ्ठ्या नव्या लावल्या. तेव्हाच्या अधिकाऱ्याला तोंडी सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंत." कागदावर काही नाही. तीन मीटरसाठी कोण कागद करतो? मायेने केलेलं काम ते. ताईंच्या मनातून ते साफ उतरूनही गेलं होतं.

सध्या भट्टी वार्षिक दुरुस्तीसाठी बंदच होती, घुमटात दिवसरात्र माणसं राबत होती. ताईंनी पांढरा डगला चढवला, किरणं मोजणारा बिल्ला छातीला लावला आणि तीन जिने दमादमाने नव्हे, धावत चढल्या. पन्नाशी उलटलेली बाई! वर पोचल्यावर आधी जुना हुक शोधला. होता, रिकामा, वाफेच्या जाड पाइपाच्या वर. त्याच्या मागच्या भिंतीचा पांढरा रंग भाजून चहासारखा झाला होता. मग त्या खांबाच्या मागे गेल्या. तिथली भिंत दुधासारखी शुभ्र. ताईंनी मान वर केली. नमुन्यांच्या बरोबर डोक्यावर गार हवेच्या वाहिनीचं तोंड होतं.

"अगं बाई गं!" ताई मोठ्याने म्हणाल्या.

चौदा वर्षं त्यांनी आपल्या नमुन्यांना वाऱ्याला बसवलं होतं! खऱ्या केबली तिकडे तापत होत्या आणि ही लाडावलेली पोरं इकडे गार हवा खात होती. एकशे नव्वद काय, तीनशे टक्केही ताणली गेली असती. आणि जुन्या हुकाच्या खालून कुठल्या खऱ्या केबली जातात? ताईंनी बॅटरी मारून पट्टी वाचली. गार पाण्याच्या झडपेच्या. काही भयंकर झालं, आत वाफ कोंडली, तर भट्टीवर गार पाणी सोडणारी ती झडप. ताई तिथेच जाळीच्या फरशीवर मटकन बसल्या.

लेकीची दुपारची पाळी होती. ताईंनी तिला कँटीनमध्ये गाठलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

लेक चमचा फिरवत राहिली. कॉफीत साखर नव्हतीच. "म्हणजे उद्याचा आकडा खोटा?"

"आकडा खराच आहे. तो आपल्या केबलींचा नाही, एवढंच."

"आई, पथक शुक्रवारी जातंय." लेकीने आवाज खाली आणला. "त्यांना जाऊ दे. मग सांग साहेबांना, मग बदला केबली. काम तेच होईल ना? उद्या तिथे सांगितलंस तर वीस वर्षं गेलीच म्हणून समज. माझी गेली. आणि तुझं नाव? चौतीस वर्षांनी हे लिहून जाणार?"

खोटं कशाला सांगू, ताईंच्या मनात बसमध्ये, जिन्यावर, बिल्ला परत करताना हेच येऊन गेलं होतं. फक्त पाच दिवस. लेकीच्या तोंडून ऐकल्यावर ते फारच शहाणपणाचं वाटलं आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

"ती झडप तुझ्या बोर्डावर कुठे आहे गं?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या ओळीत. लाल कड्याचा स्विच." तिने हात टेबलाखाली घेतला. "पाळी सुरू होतेय," असं म्हणून ती उठली आणि कॉफी तशीच सोडून गेली. ताईंना रडू आलं, रागही आला. कुणाचा, ते त्यांनाच कळेना.

सोमवारी सभागृह गच्च भरलं होतं. पथकातल्या केबलवाल्या बाई समोरच बसल्या होत्या. पांढरे केस, नाकावर जाड चष्मा, बोटं ताईंच्या बोटांसारखीच काळी पडलेली. त्यांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये एक दुभाषा. साहेबांनी ताईंची ओळख इतकी भरभरून करून दिली, की दुभाष्याला घाम फुटला. ताई उभ्या राहिल्या. पडद्यावर नमुन्यांचा फोटो आला. कसे गुबगुबीत दिसत होते मेले!

"हे नमुने बघू नका," ताई म्हणाल्या. "हे कामाचे नाहीत. चौदा वर्षांपूर्वी मी त्यांना उष्ण जागेवरून गार जागी हलवलं. कुणाला लिहून दिलं नाही. चूक माझी आहे."

दुभाष्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तो साहेबांकडे बघायला लागला.

"त्यांच्याकडे काय बघतोस?" ताई कडाडल्या. "सांग ना त्यांना! मी बोलले तसं सांग, शब्द गाळू नकोस!"

त्याने सांगितलं. साहेबांचं तोंड लालबुंद झालं. चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढला, ताईंकडे रोखून बघितलं आणि काहीतरी बोलल्या.

"त्या म्हणतात," दुभाषा चाचरत म्हणाला, "आमच्या केंद्रात मी नमुन्यांवर कापड घातलं होतं. धूळ बसू नये म्हणून. कापडाने आकडे चुकतायत, हे कळायला नऊ वर्षं लागली."

आणि काय सांगू, त्या दोघी एकमेकींकडे बघून हसायलाच लागल्या! एवढं मोठं सभागृह, आणि या दोन बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतायत. मग बाई झटक्यात उठल्या. दुभाष्याने सांगायच्या आधीच ताईंना कळलं: तो हुक दाखवा, आत्ताच्या आत्ता.

वाटेत साहेबांनी ताईंना कोपऱ्यात घेतलं. "आधी मला सांगायचं होतंत, ताई."

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबा म्हणाला असतात, साहेब. आणि मी थांबले असते. मला माझीच खात्री नव्हती."

घुमटाकडे जाताना साहेब सगळ्यांत पुढे होते.

आता नमुन्यांवर भिस्त ठेवून भागणार नव्हतं, खरी केबलच कापायची. भट्टी बंद होती, झडपेपाशी केबलीचं जास्तीचं वेटोळं होतं; ताईंनी स्वतःच्या हाताने त्यातला हातभर तुकडा कापला. कापतानाच बोटांना कळलं. पण ताईंनी तोंड उघडलं नाही. म्हटलं, आज यंत्रच बोलू दे.

प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. कातडीचा तुकडा यंत्राच्या दोन जबड्यांत बसला, बटण दाबलं आणि आकडे चढायला लागले. पाच. दहा. पंधरा. कुणीतरी मोठ्याने मोजायला लागलं, मग सगळेच मोजायला लागले. चौदा वर्षांपूर्वीचे परांचीवालेसुद्धा खिडकीशी येऊन उभे होते. वीस. पंचवीस. "चल गं बाई, चल," ताई पुटपुटत होत्या, आणि त्यांना कळत होतं की आपण तिला पास करू बघतोय. तीस. साहेबांनी टेबलाची कड धरली. एकतीस, बत्तीस, तेहतीस...

टक्.

तुकडा तुटला. चौतीस टक्के. दुसरा एकतीसला तुटला, तिसरा छत्तीसला. पन्नास कुणीच गाठलं नाही.

चष्मेवाल्या बाईंनी वहीत आकडा लिहिला आणि दुभाष्याला न विचारता ताईंचा हात धरला. ताई सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडल्या. वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त जीव भांड्यात पडला होता. त्या झडपेच्या केबलीला प्रसंगी गरम वाफ लागली असती तर कातडीला भेगा पडल्या असत्या, आणि लाल कड्याचा स्विच कितीही फिरवला तरी झडप जागची हलली नसती. तिसरी ओळ. आणि स्विचवर कुणाचा हात असता, ते त्या खोलीत फक्त ताईंना दिसत होतं.

साहेबांनी फोन उचलला. "वाफेच्या पाइपावरच्या केबली. एकूण एक काढा. नाही, पुढच्या वर्षी नाही, आज!" फोन ठेवून त्यांनी घाम पुसला. "ताई, नवीन तुमच्या देखरेखीखाली टाकल्या जातील. आणि कागद करा यावेळी."

"चार प्रती करते," ताई नाक पुसत म्हणाल्या.

वीस वर्षं शुक्रवारी मिळाली नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पथकाने लिहिलं, की घुमटातल्या प्रत्येक कोपऱ्याची उष्णता मोजा, जिथे जास्त तिथल्या केबली तपासा, नमुने योग्य जागी लावा. दीड वर्षाने आम्ही पुन्हा येतो, मग बोलू. दार बंदही झालं नाही, उघडलंही नाही. चूक कुणाची, या रकान्यात ताईंनी आपलं नाव स्वतः लिहिलं, ठळक अक्षरात. लेक त्या आठवड्यात घरी जेवायला आली नाही. पाळ्या आहेत, असा निरोप पाठवला. मास्तर दोनदा डबा घेऊन तिच्याकडे जाऊन आले. ताई गेल्या नाहीत.

नव्या केबली टाकायला सोळा दिवस लागले. सतराव्या दिवशी सकाळी झडपेची चाचणी. पद्धत अशी, की कंट्रोल रूममधून स्विच फिरवायचा आणि घुमटात झडपेपाशी एकाने उभं राहून डोळ्यांनी बघून फोनवर सांगायचं. त्या फोनवर नातं चालत नाही. नाव नाही, ताई-माई नाही. हुद्दा बोलायचा, ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, बस्स. सगळं ध्वनिमुद्रित होतं. ताईंनी फोन कानाला लावला. पलीकडे लेकच होती.

"कंट्रोल रूम. गार पाण्याची झडप उघडते आहे."

"केबल विभाग. गार पाण्याची झडप उघडता आहात, समजलं." समोर झडपेचा हातभर लांबीचा चकचकीत दांडा, अजून निश्चल. शेजारून नवी काळी केबल वर गेलेली. एक सेकंद. दोन सेकंद. मोटर गुरगुरली आणि दांडा सरसर वर यायला लागला. ताईंचं काळीज त्याच्याबरोबर वर आलं.

"उघडली!" ताई ओरडल्या. मग भान येऊन म्हणाल्या, "केबल विभाग. झडप पूर्ण उघडली."

पलीकडून उत्तर यायला हवं होतं. आलं नाही. फक्त श्वास ऐकू येत होता.

"केबल विभाग. झडप पूर्ण उघडली," ताई परत म्हणाल्या. "ऐकू येतंय का?"

"झडप पूर्ण उघडली, समजलं," लेक म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "आई, मी तुला म्हणाले होते पथकाला जाऊ दे. मी असं कसं म्हणाले गं?"

"मलाही तसंच वाटलं होतं," ताई म्हणाल्या. "अगं, आणि हे सगळं टेपवर चाललंय."

"चालू दे."

"बरं, चालू दे." ताईंनी बाहीने डोळे पुसले, नवीन केबलवरून हात फिरवला आणि त्यांना एकदम हसूच आलं. "ऐक, ती झडप बंद कर आणि परत एकदा उघड. मला अजून एकदा बघायचीय."